कॅलेंडरामागची भेग

या माउली, अशा पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलात तर अर्धी कथा खांबच ऐकून घेईल. कीर्तनात जीव रमणारी माणसं तुम्ही, म्हणून ही कथा तुमच्यापुढं ठेवायची. हिच्यात टाळ आहे, मृदंग आहे, वीणा आहे, आणि देवाच्या दारात बसून एका अख्ख्या गावानं होऊ दिलेला घात आहे. गोड लागणार नाही. पण पुरती ऐका, मधून उठू नका.

राणीसावरगावच्या पुढं, डोंगराची उतरण संपते तिथं खडकदरा नावाचं गाव. चैत्रातला सप्ताह बसला होता. खडकदऱ्याचा सप्ताह म्हणजे एरवी गावापुरता, पण त्या वर्षी मंडपात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पेडगावाहून टेंपो भरून माणसं आली, चुडाव्याहून रेल्वेनं आली. कीर्तन ऐकायला नव्हे हो. वीणा आपोआप वाजते, ते बघायला!

राजेश्री गावात पोचली ती नेमकी दुपारी, वीणा वाजायच्या वेळेला. ही विणेकरी भागवतबुवांची लेक. गंगाखेडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. चपला बाहेर काढून ती बायकांत जाऊन बसली.

समोर नादानंद महाराज. अंगावर रेशमी कफनी, पायात पांढरेशुभ्र मोजे, मनगटावर चमकतं घड्याळ. पुढ्यात दोन माईक, एक गावासाठी आणि एक मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी.

"शांत! टाळ खाली! मृदंगावरचा हात काढा!" महाराज गरजले. "माउली, हा देह म्हणजे टॉवर. मन म्हणजे सिमकार्ड. ब्रह्मनाद चोवीस तास चालू आहे, पण तुमच्या पापानं रेंज गेलेली आहे! परदेशातले शास्त्रज्ञ आले, मशीन लावलं. मशीन जळालं! का जळालं? व्हायब्रेशन! आपल्या ऋषिमुनींना हे व्हायब्रेशन ठाऊक होतं. आज तुम्हाला फुकट मिळतंय, म्हणून किंमत नाही."

मग त्यांनी बोट वर केलं. पंख्याची घरघरसुद्धा कुणीतरी बंद केली.

"आऽऽता!"

देवळाच्या दगडी खांबाला एक लोखंडी खुंटी ठोकलेली होती. तिला वीणा टांगलेली. जवळ माणूस नाही, वाऱ्याची झुळूक नाही. आणि तार थरथरली. झुंऽऽ. शेजारी अडकवलेले टाळ एकमेकांना चाटून किणकिणले. खाली ठेवलेल्या तांब्याच्या कलशात पाण्यावर वलयं उमटली, पसरली, विरली.

पुढच्या क्षणी मंडप फुटला. रामकृष्णहरीचा गजर, मृदंगावर थापा, बाहेर फटाक्यांची माळ. म्हाताऱ्या रडायला लागल्या, तरणी पोरं मोबाइल उंच धरून उभी राहिली.

राजेश्रीच्याही अंगावर काटा आला. का येऊ नये? याच देवळात ती आत्याच्या मांडीवर बसून कीर्तनं ऐकत वाढली होती. पण त्या काट्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. तार वाजली त्याच वेळी तिच्या अनवाण्या तळव्यांना फरशीतून एक बारीक झिणझिणी आली. देव तारेत आला असेल तर फरशीत कशाला उतरेल? हे तिच्या मनात अडकलं ते अडकलंच.

गर्दी पांगल्यावर तिनं वडिलांना गाठलं. भागवतबुवा मंडपाच्या कडेला, परका माणूस बसावा तसे बसले होते.

"दादा, वीणा खुंटीला कशी? सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते."

"महाराज म्हणले, मानसाच्या गळ्यात आसली की देवाला वाजवता येत न्हाई."

"आन् तुमी ऐकलं?"

बुवांनी हाताची बोटं बघितली. एका बोटाला तारेचा घट्टा पडलेला होता. "पोरी, मी उभा जलम वीणा धरली. कवा आपुआप वाजली न्हाई. माझ्या गळ्यातून काढली आन् वाजायला लागली. मंग खोट कुनात म्हनायची, तूच सांग."

राजेश्रीनं रिकाम्या मंडपावरून नजर फिरवली. तिनं फक्त विचारलं, "आत्या दिसली न्हाई. मंडपात कामून न्हाई आली?"

बुवांनी मान फिरवली, आणि मग हळूहळू सगळं सांगितलं.

आता मागची हकिगत सांगायला हवी. गावामागच्या डोंगरात दगडाची खदान आहे. पौषापासून गावातल्या भिंतींना भेगा पडायला लागल्या. लोक चिडले, त्यांनी खडीचे टिपर अडवले, तहसिलात अर्ज दिला. खदानमालक बेजार झाला. मग माजी सरपंच आबासाहेब, ज्यांचे टिपर त्याच खदानीवर चालत, ते कुठून तरी नादानंद महाराजांना घेऊन आले. महाराजांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला: "ब्रह्मनाद पुण्यवानाच्या घरातून वाऱ्यासारखा निघून जातो. पाप्याच्या घरात अडकतो, आणि भिंत फोडतो."

बास. त्या दिवसापासून खडकदऱ्यातल्या भेगा नाहीशा झाल्या. कुणी शेणानं लिंपल्या, कुणी चुना फासला, कुणी देवाच्या तसबिरी टांगल्या. अर्जाची चौकशी करायला साहेब आला तर घरोघर एकच उत्तर: "भेग? कुठं हाय भेग? आमच्या घराला बिलकुल न्हाई."

साहेब परत निघाला तेव्हा ओढ्याच्या कडेच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. "माझ्या हाय की. या, बघा." ती चांगुणाबाई. बुवांची थोरली बहीण, राजेश्रीची आत्या. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही. साहेबानं 'एकच घर' असं लिहून घेतलं आणि तो निघून गेला.

गावात खरं बोलली एकटी, म्हणून पापी ठरली एकटी. बायका तिच्यापासून चटई लांब ओढायला लागल्या. तिच्या हातचा प्रसाद घेईनात. जिची गौळण ऐकायला माणसं कामं टाकून येत, तिला महाराजांनी देवळाची पायरी बंद केली.

राजेश्री गेली तेव्हा आत्या ज्वारी निवडत बसली होती.

"आलीस का राजे? बस. पर त्या भितीला टेकू नको माय, लय दुबळी झालीय ती."

दगडमातीची जुनी भिंत. आढ्यापासून जोत्यापर्यंत चिरलेली. भेगेत तळहात आडवा जात होता. भिंत आतल्या बाजूला झुकलेली.

"आत्या, तू हितं निजू नको. चल, दादाच्या घरी चल."

"न्हाई. महाराजांनी परायचित्त सांगितलंय. काल्याच्या दिशी दुपारी महानाद व्हनार हाय. तवा दाराला आतून कडी लावायची, ह्या भितीला पाठ लावून बसायचं, नाव घ्यायचं. पाप जळालं की भेग आपुआप मिटती म्हनं."

"कसलं पाप, आत्या? तू काय केलंस?"

आत्या ज्वारीत बोटं फिरवत राहिली. "मी लय इचार केला. मालक अंथरुनाला खिळले व्हते, लय हाल चालले व्हते. एक दिस मी देवाला म्हनले, सोडव रे आता त्यायला. आन् ते गेले. तेच आसंल. दुसरं मला घावत न्हाई."

राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "आगं, सगळ्यांच्या घरांला भेगा हायत. झाकल्यात लोकांनी!"

"हाट! टाळ हातात घिऊन कुनी लबाड बोलंल का?" आत्या हसली. "आन् मला सांग, खदान तर तुझ्या जलमाआधीपासून हाय. तवा कवा वीणा वाजली? तवा कवा भिती फुटल्या?"

प्रश्न खरा होता. अडाणी म्हणून झटकून टाकावा असा नव्हता. राजेश्री तो घेऊनच उठली.

शेजारच्या सुमनबाईंच्या घरात ती पाणी प्यायला शिरली. भिंतीवर खताच्या दुकानाचं भलंमोठं कॅलेंडर. पान अजून फेब्रुवारीचंच. तिनं ते उचललं. मागं भेग, वरपासून खालपर्यंत.

सुमनबाईंनी तिचा हात धरला. "राजी, पाया पडते तुझ्या. कुनाला सांगू नको. मव्ह्या पोरीची सोयरीक चाललीय."

"काकू, तिकडं आत्याला वाळीत टाकलंय. तुमी तिच्या शेजारी बसून जेवायच्या."

"मला काय मालूम न्हाई का? पर समद्याच गप हायत, मी एकटीच कशी बोलू?"

संध्याकाळी राजेश्री डोंगर चढली. खदानीची कातळभिंत समोर उघडी पडली होती आणि ती तिला पुस्तकासारखी वाचता येत होती. वरती पिवळट, ठिसूळ, भोकाभोकांचा मांजऱ्या खडक. हाताच्या बोटांनी चुरावा असा. त्याच्याखाली तांबड्या मातकट दगडाचा पट्टा. आणि त्याच्याखाली काळा पाषाण, एकसंध, हातोडी मारली तर घंटेसारखा वाजणारा.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर तिथं होतं. इतकी वर्षं खदान वरच्या मांजऱ्यात चालली होती. पोकळ, भेगाळ दगड. सुरुंगाचा हादरा तो स्वतःच गिळून टाकायचा, आणि उरलंसुरलं तांबड्या थरात विझायचं. पौषात खदान तांबडा थर फोडून काळ्या पाषाणात उतरली. आणि हाच पाषाण डोंगराच्या पोटातून खाली गावापर्यंत गेलेला होता. ओढ्यानं माती वाहून नेली तिथं तो उघडा पडला, आणि पूर्वजांनी त्याच्यावर देऊळ बांधलं. देऊळ आणि सुरुंग आता एकाच दगडाच्या दोन टोकांना होते.

तिनं दगडाचे तुकडे गोळा केले. रात्रीत गंगाखेडला जाऊन कॉलेजातली हादरे मोजायची दोन यंत्रं आणली. सकाळी एक देवळाच्या खांबाशी ठेवलं, एक आत्याच्या घरात. तुकड्यांची घनता किती, ते किती दाबाला फुटतात आणि एका टोकाला मारलेला ठोका दुसऱ्या टोकाला किती वेगानं पोचतो, हे तिनं रात्री कॉलेजातच तपासून घेतलं होतं. सुरुंगात दारू किती, अंतर किती आणि मधला दगड कसा, एवढं कळलं की हादरा कुठं किती पोचेल याचा अंदाज आधीच मांडता येतो. यात सिद्धी नाही, गणित आहे.

त्या दिवशी दुपारी ती मंडपात बसली, पण वीणेकडं पाठ करून. सगळं गाव तारेकडं डोळे लावून होतं. महाराज मात्र तारेकडं बघतच नव्हते. ते मंडपाच्या उघड्या बाजूनं डोंगराकडं बघत होते. डोंगरावर एक लाल झेंडा चढला. सुरुंग उडवण्याआधी खदानीवर चढवतात तो. महाराजांचं बोट वर गेलं. झेंडा हलला, "आऽऽता!", आणि मागं तार झुंकारली.

गजर उसळला, फटाके फुटले. आणि त्या कोलाहलाच्या मधोमध, दोनचार श्वासांनी, तिला लांबून एक दबका धुडूम ऐकू आला. हादरा दगडातून धावत आधी येतो; आवाज हवेतून रेंगाळत मागून. तोवर टाळ-मृदंग घुमायला लागलेले. देवाच्या नामाचा असा उपयोग! गजर करायचा तो सुरुंग झाकण्यासाठी!

यंत्रं तिनं उघडली आणि दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी मांडले. देवळाखाली हादरा बारीक आणि झरझर आलेला. पाषाणावर तसाच येतो. तार झणझणते, टाळ किणकिणतात, भिंतीला काही होत नाही. पण गावातल्या घरांखाली, आत्याच्याही, पाषाणावर ओढ्यानं साचवलेल्या काळ्या मातीचा जाड थर होता. तिथं तोच हादरा मंद झाला, आणि कितीतरी पट मोठा झाला. पाळण्यासारखा झुलवणारा. असल्या झुलण्यानं भिंती फुटतात.

आणि काल्याच्या 'महानादा'साठी खदानीवर काळ्या पाषाणात भोकांच्या रांगाच्या रांगा पाडून ठेवल्या होत्या. एरवी थोड्या थोड्या अंतरानं उडवायचं ते सगळं महाराजांच्या हौसेखातर एकदम उडणार होतं, हे खदानीवरच्या गड्यानंच तिला सांगितलं. तिनं त्याचा आकडा मांडला. देवळात वीणा आणखी गोड वाजली असती. आत्याची भिंत राहिली नसती.

खदानमालकाला तिनं फोन लावला. "मॅडम, देवाचं काम आहे, त्यात मी कसा पडू?" म्हणून त्यानं ठेवून दिला. अधिकाऱ्याचा लागला नाही, रविवार होता.

काल्याच्या दिवशी दुपार होत आली तेव्हा ती आणि बुवा आत्याकडं गेले. दार बंद. आतून कडी.

"आत्या, दार उघड! आजचा सुरुंग लय मोठा हाय. भिंत पडंल!"

"तू लहान हायस राजे," आतून शांत आवाज आला. "जा, कीर्तनाला बस. मला नाव घिऊ दे."

दार जाडजूड सागवानी. बुवांनी खांदा लावला, म्हातारा खांदा. हललंसुद्धा नाही. "जा पोरी, मानसं घिऊन ये. चार गडी आन. मी हितंच हाय."

राजेश्री पळत मंडपात आली. कीर्तन चालू होतं. ती थेट मधे जाऊन उभी राहिली.

"चार जन चला माझ्यासंगं! आत्याचं दार फोडायचंय. त्या डोंगरावर आत्ता सुरुंग उडनार हाय, ती भिंत पडनार हाय!"

मंडपात कुजबुज झाली. आबासाहेब पुढं आले. "राजेश्री म्याडम, तमाशा करू नका. परगावची मानसं बसलीत. खदान लय वर्सांची हाय, तवा काय झालं का?"

"तवा वरचा ठिसूळ दगड फोडायचे, आबासाहेब. आता खालचा काळा पाषाण फोडायलेत. त्यो सलग ह्या देवळाखाली आलाय. वीणा त्यानंच वाजायलीय. म्हनूनच ती गळ्यातून काढून खुंटीला लावली. गळ्यात आसली तर मानसाच्या अंगात हादरा जिरतो. खुंटी खांबात, खांब पाषाणात!"

महाराज मंद हसले. "शिकलेल्या माणसाची रेंज अशीच जाते, माउली. हिला दगड दिसतो, देव दिसत नाही. बेटी, तुला एवढं कळतं, तर सांग बरं, नाद केव्हा होणार?"

लोक हसले. आणि राजेश्रीनं डोंगराकडं बघितलं. लाल झेंडा चढत होता.

"झेंडा बघा! मागं वळा, डोंगरावर बघा!" ती ओरडली. "त्यो हलला की वीणा वाजंल, आन् माझ्या आत्याची भिंत पडंल. पळा रे कुनीतरी! हलला, हलला बघा. आता!"

झुंऽऽऽऽ!

कधी नव्हती एवढी मोठी वाजली वीणा. टाळ खणखणले. कलशातलं पाणी काठावरून सांडलं.

आता माउली, मला सांगा. तुम्ही त्या मंडपात असता तर काय केलं असतं? पोरीनं सांगितलं तसं घडलं. म्हणजे पोरीचं पुढचंही खरं, असं म्हणून ओढ्याकडं धावला असता ना?

खडकदऱ्याचे लोक तिच्या पाया पडले.

"आगं माय, हिला आधी कळलं!" सुमनबाई किंचाळल्या आणि त्यांनी राजेश्रीचे दोन्ही पाय मिठीत धरले. "राजी न्हाई ही, देवी हाय! देवी आली गावात!"

बघता बघता बायकांचा ढीग पडला. कुणी पायावर डोकं ठेवतंय, कुणी पदराला हात लावून डोळ्यांना लावतंय, कुणी तान्हं पोर तिच्या पायाशी घालतंय. पुरुष गजरात नाचायला लागले. महाराज कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी लगेच माईक उचलला. "आमच्या कृपेनं या कन्येला सिद्धी प्राप्त झाली! बोला, राम-कृष्ण-हरी!"

"सोडा! सोडा मला! आत्या..." राजेश्री हात जोडत होती, ढकलत होती, अखेर मारत होती. देवीनं मारलं म्हणून लोक आणखी वाकत होते. तो लांबचा धुडूम आला आणि गजरात बुडाला. त्याच्या पाठोपाठ ओढ्याकडून आणखी एक आवाज आला, जवळचा, मातीचा. तोही बुडाला.

ती सुटून पोचली तेव्हा धुरळा खाली बसत होता. दार तसंच उभं होतं, कडीसकट. मागची भिंत नव्हती. बुवा हातांनी दगड उपसत होते, आणि बोटांतून रक्त येत होतं. आत्याची पाठ भिंतीलाच होती. सांगितलं होतं तशी.

महाराज संध्याकाळी निघाले. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "मोक्ष मिळाला तिला. भाग्यवान आहे." आणि ऐका, दोघाचौघांनी माना डोलावल्या.

चौदाव्याला कीर्तन ठेवलं होतं. बुवांनी वीणा खुंटीवरून काढली, पुसली, गळ्यात घातली आणि म्हणाले, "आज कीर्तन मव्ही लेक करनार."

राजेश्रीला गाता येत नव्हतं. तिनं मंडपात एक लांब शहाबादी फरशी ठेवायला लावली. एका टोकाला फरशीवर काठी बांधून वीणा टांगली, शेजारी ज्वारीचे दाणे टाकले. दुसऱ्या टोकाला सुमनबाईंच्या हातात हातोडी दिली. "मारा काकू."

सुमनबाईंनी ठोका दिला. तिकडं दाणे उडाले, तार झुंकारली.

मग तिनं फरशीच्या जागी दोन तुकडे ठेवले, मधे मुरुम भरला. "आता मारा." ठोका पडला. दाणा हलला नाही, तार गप्प. "हा मुरुम म्हंजे खदानीचा वरचा दगड. ह्यानं इतकी वर्सं तुमाला राखलं."

पुन्हा सलग फरशी. तिच्यावर घमेल्यात काळी ओली माती, आणि मातीवर विटांच्या तुकड्यांची चिमुकली भिंत. तशीच दुसरी भिंत उघड्या फरशीवर. "मारा काकू. जोरानं."

फरशीवरची उभी राहिली. मातीवरची झुलली, आणि कोसळली.

सुमनबाईंनी हातोडी विस्तवासारखी टाकून दिली. "म्हंजे... मी तुझे पाय धरून बसले व्हते, तवा..."

"हां काकू. तवाच."

सुमनबाई उठल्या, घरी गेल्या, आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर आणून राजेश्रीसमोर फरशीवर ठेवलं. मग आणखी एक बाई उठली. मग पुरुष. कॅलेंडरं आली, तसबिरी आल्या. रात्रीच्या आत गावातल्या झाडून सगळ्या भेगा उघड्या पडल्या. नवा अर्ज गेला, त्यावर आबासाहेबांचाही अंगठा होता. त्यांच्या घरातली भेग सर्वांत रुंद निघाली. खदान सध्या बंद आहे. सध्या.

इथं कथा संपली असती तर मीही सुस्कारा सोडला असता. पण खरं ते सांगतो. महाराज लांबच्या एका गावात आहेत आणि तिथं म्हणे समईची वात आपोआप हलते. आणि खडकदऱ्यात आजही कुणीकुणी राजेश्रीच्या दारात नारळ घेऊन येतं. "बाई, तुमाला आधीच कळतं म्हनं. आमच्या बोअरला पानी कवा लागंल?" ती त्यांना आत बोलावते, चहा देते, आणि पहिल्यापासून दगड समजावून सांगते. ऐकून झाल्यावर ते तिच्या पाया पडतात.

म्हणून हात जोडून एवढंच मागणं. देवावर श्रद्धा ठेवा. मीही ठेवतो, माझा दिवस नामाशिवाय उगवत नाही. पण देवाला आपलं देवपण पटवायला खुंटी आणि सुरुंग लागत नाही. चमत्कार दाखवणारा समोर बोट करील तेव्हा एकदा मागं वळून बघा. हे आत्ताच का घडतंय, इथंच का घडतंय, आणि याच्यामुळं कुणाचं तोंड बंद होतंय, एवढं विचारा. विचारल्यानं भक्ती उणी होत नाही. आणि दुसऱ्याला पापी म्हणण्याआधी स्वतःच्या भिंतीवरून हात फिरवा.

आणि माउली, उद्या पहाटे काकड्याला उभे राहाल, गेलेल्या आपल्या माणसांची नावं मनात येतील, तेव्हा त्यांच्यात एक परकं नाव घाला. खडकदऱ्याची चांगुणाबाई. तिची आठवण ठेवा.